फुजितांचा दुधाळ पांढरा : तैलरंगाच्या अस्तरावर शाईची रेघ धरते कशी?

शंखजिरे (धागाकर्ती)

त्सुगुहारु फुजिता यांच्या १९२० च्या दशकातल्या पॅरिसच्या चित्रांबद्दल हा धागा काढते आहे. जन्म टोकियोत १८८६ साली, तिथल्याच कलाशाळेत पाश्चात्त्य चित्रकलेचं शिक्षण १९१० मध्ये पूर्ण, १९१३ मध्ये पॅरिस आणि दहा वर्षांच्या आत माँपारनास या पॅरिसच्या चित्रकारांच्या वस्तीतल्या सर्वांत मागणी असलेल्या चित्रकारांत नाव. हे नाव ज्यावर उभं राहिलं तो म्हणजे त्यांचा दुधाळ, जरासा उबदार पांढरा पृष्ठभाग आणि त्यावरची अतिशय बारीक काळी रेघ. १९२२ च्या सलाँ दोतोनमध्ये (पॅरिसचं शरद ऋतूतलं वार्षिक प्रदर्शन) गाजलेलं, 'तुआल द जुई' या छापील कापडाच्या पडद्यापुढे पहुडलेल्या कीकी या मॉडेलचं नग्नचित्र आठवा. अंगाला रंग जवळजवळ नाहीच. अस्तराचा पांढरा हीच त्वचा.

त्या पांढऱ्याचं 'गुपित' म्हणून फार लिहिलं जातं. फुजितांनी हयातीत ते कुणाला सांगितलं नाही हे खरं. पण मला वाटतं, त्यांना पांढरा हवा होता म्हणून तो बनला नाही. त्यांना जपानी कुंचल्याची, पाण्यातल्या शाईची रेघ युरोपच्या तैलचित्रावर आणायची होती आणि ती धरेल असा पृष्ठभाग तयार करताना हा पांढरा हाती आला.

जाणकारांना विचारायचंय ते असं. त्या अस्तरात नेमकं काय आहे? तेलावर पाण्याची शाई बसते कशी? आणि आज कुणाला करून पाहायचं असेल तर काय घ्यावं, कुठे बिघडतं?

पातळ_हात

घटकांपासून सुरुवात करतो. अलीकडच्या काळात चित्रांची दुरुस्ती आणि तपासणी झाली तेव्हा जे सापडलं ते असं : खाली बेरियम सल्फेटचं अस्तर. त्यावर शिशाचा सफेदा आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड, तेलात घोटून दिलेला थर. खडू एक भाग, सफेदा तीन भाग. आणि पृष्ठभागावर टाल्क, म्हणजे शंखजिरे, धागाकर्तीचं सदस्यनाम.

एका चित्राच्या तपासणीवरून सगळ्या दशकाबद्दल बोलू नये. पण हा सांगाडा समजला की बाकीचं तर्काने कळतं. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती वळतो त्याचा आकडा, साधारण १.४८. खडूचा १.५ ते १.६५ च्या दरम्यान, टाल्कचा १.५५ च्या आसपास, बेरियम सल्फेटचा १.६४, शिशाच्या सफेद्याचा २ च्या जवळ. तेल आणि पूड यांच्या आकड्यांत अंतर कमी असेल तर प्रकाश आरपार जातो, पूड अर्धपारदर्शक होते आणि किंचित पिवळसर दिसते. अंतर जास्त असेल तर ठार पांढरा. फुजितांनी दोन्ही एकत्र केले. सफेदा प्रकाश परत फेकतो, खडू त्याला आत शिरू देतो. मोत्यासारखी चमक म्हणतात ती ही.

उगाच_एक

वाचनखूण साठवली. तो टाल्क म्हणजे लहान बाळाची पावडर होती असं वाचलंय, ते खरं का?

सफेदा

@उगाच_एक, हो. 'सिक्कारोल' नावाची जपानी बेबी पावडर. छायाचित्रकार दोमोन केन यांनी १९४० च्या दशकात फुजितांच्या टोकियोतल्या स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रांत तिचा डबा दिसतो. २०११ मध्ये हे जाहीर झालं आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला.

मात्र 'बेबी पावडर हेच रहस्य' हा निष्कर्ष मला पटत नाही. टाल्क रंग पांढरा करत नाही. तेलात तो जवळजवळ दिसेनासा होतो, वर पातळ_हात यांनी दिलेले आकडे पाहा. त्याचं काम पृष्ठभागावर आहे. वाळलेल्या तैलरंगावर तेलाचा एक गुळगुळीत तवंग राहतो आणि पाणी त्यावर थेंबाथेंबाने गोळा होतं. टाल्क चोळला की तवंग मोडतो, चकाकी निम्मी होते, शाईला बसायला जागा मिळते. शिवाय कुंचला न अडखळता लांब सरकतो.

म्हणजे धागाकर्तीच्या मताला पुष्टीच. टाल्क रेघेसाठी आहे, पांढऱ्यासाठी नाही.

तिरपी_रेघ

आता रेघेबद्दल. कुंचला मेन्सोफुदे. 'मेन्सो' म्हणजे चेहरेपट्टी. बाहुल्यांचे आणि चित्रांतल्या माणसांचे डोळे, भुवया काढायचा हा कुंचला. केस लांब, पोट बारीक, टोक अगदी निमुळतं. लांब केसांमुळे शाईचा साठा बराच असतो, म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंतची रेघ मध्ये न थांबता येते. आखूड केसांच्या युरोपियन गोल कुंचल्याने हे जमत नाही, तीन-चार इंचांवर कोरडा पडतो.

फुजितांनी मेन्सोच्या केसांत सुई बसवली होती, असं संशोधनातून पुढे आलं आहे. त्याने केसांना कणा मिळतो आणि दाब कमीजास्त झाला तरी रेघेची जाडी बदलत नाही. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. जपानी-चिनी परंपरेत रेघेची जाडी बदलणं हीच खुबी. फुजितांनी उलट केलं, रेघ एकसारखी केली, जवळजवळ तांब्याच्या पत्र्यावर कोरल्यासारखी. म्हणजे हत्यार जपानी, पण त्यातून काढलेली रेघ पॅरिसमध्ये घडलेली.

शाई सुमी : काजळी आणि प्राणिज सरस, दगडावर पाण्याने उगाळायची. बाटलीतली आधुनिक शाई बहुधा शेलॅक किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये असते, ती तैलपृष्ठावर वेगळी वागते. करून पाहणाऱ्यांनी कांडीच घ्यावी.

माँपारनासकर

तांत्रिक चर्चा उत्तम, पण धागाकर्तीच्या 'रेघ आधी, पांढरा नंतर' या क्रमाशी मी पूर्ण सहमत नाही. बाजार विसरू नका. १९१३ मध्ये पॅरिसला पोचलेल्या माणसाने पाहिलं की पिकासो आणि मंडळींनी घनवाद (क्यूबिझम) करून टाकला आहे, आंरी रूसोसारखा कुठल्याच शाळेत न बसणारा चित्रकार तिथे डोक्यावर घेतला जातो आहे. टोकियोच्या शाळेत कुरोदा सेइकींच्या हाताखाली जे शिकवलं गेलं, म्हणजे उघड्यावरचा उजेड, जांभळ्या सावल्या, काळा रंग शक्यतो नको, ते इथे जुनं झालेलं. मग हजारो चित्रकारांत वेगळं दिसायचं कसं? सगळे जण जाड रंगाने भडक चित्रं करत होते, त्यांनी पातळ आणि पांढरं केलं. हा शहाणा हिशेब होता. यात कमीपणा काहीच नाही, पण हिशेब होता.

शंखजिरे

@माँपारनासकर, हिशेब होताच. पण तारखा पाहा. गॅलरी शेराँमधलं पहिलं एकल प्रदर्शन जून १९१७ चं, जलरंगांचं. लांबुडक्या बायका, बारीक काळ्या रेघा, सपाट रंग, सगळं कागदावर. रेघ तिथे तयार आहे. दुधाळ पांढऱ्याची तैलचित्रं दिसू लागतात ती १९२१ च्या सुमारास. सलाँ दोतोनमधलं गजराच्या घड्याळाचं स्थिरचित्र त्याच वर्षीचं. मधली चार वर्षं प्रश्न एकच असणार : कागदावर जमतं ते कॅनव्हासवर कसं आणायचं? पॅरिसमध्ये मोठं नाव तैलचित्रावर होतं, जलरंगावर नाही. इथे तुमचा बाजार येतो हे मान्य.

पॅलेटनाइफ

अवांतर : मेक्सिकोचे दिएगो रिवेरा तेव्हा माँपारनासमध्येच होते आणि घनवादी चित्रं करत होते. १९१४ मध्ये त्यांनी फुजिता आणि कावाशिमा या दोन जपानी मित्रांचं जोडव्यक्तिचित्र केलं. पुढे १९३० च्या दशकात फुजिता मेक्सिकोला गेले आणि भित्तिचित्रांच्या वाटेला लागले, तो धागा इथून निघतो.

पातळ_हात

१:३ या प्रमाणाबद्दल एक सावधगिरी, कारण यात लोक हमखास फसतात. प्रमाण वजनाचं की मापाचं ते आधी ठरवा. शिशाच्या सफेद्याची घनता ६.७ च्या आसपास, खडूची २.७. वजनाने ३० ग्रॅम सफेदा म्हणजे साधारण साडेचार घन सेंमी, आणि १० ग्रॅम खडू म्हणजे जवळपास पावणेचार. म्हणजे वजनाने तिप्पट असला तरी जागा दोघे जवळजवळ सारखीच व्यापतात. हेच चमच्याने मोजलं तर खडू फार कमी पडतो, थर अपारदर्शक होतो आणि ती आतली चमक येत नाही. वजनकाटा वापरा.

दुसरं, शिशाचा सफेदा विषारी आहे. कोरडी पूड घरात आणूच नये. ट्यूबमधला मिळाला तरी हातमोजे हवेत, वाळल्यावर पॉलिश पेपर मारायचा नाही, लहान मुलं असलेल्या घरात नाहीच. टाल्कसुद्धा मास्क लावूनच उडवा.

उगाच_एक

मग शिशाऐवजी झिंक व्हाइट चालेल का? तो सहज मिळतो.

सफेदा

नको. जस्ताचा सफेदा तेलाशी साबण तयार करतो, थर काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकतो, पापुद्रे सुटतात. अस्तरात तर मुळीच नको, कारण वरचं सगळं चित्र त्यावर उभं असतं.

टायटॅनियम सुरक्षित आहे, पण त्याचा अपवर्तनांक २.५ च्या वर, म्हणून फार झाकतो आणि थंड, निळसर पांढरा देतो. त्याचं प्रमाण कमी ठेवा. शिशाच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी टायटॅनियम, बाकी खडू आणि थोडं बेरियम सल्फेट. उबेसाठी पिवळ्या मातीच्या रंगाचा जेमतेम ठिपका. नुसता टायटॅनियम थापला तर भिंतीच्या रंगासारखं मेलेलं पांढरं मिळतं.

गिलावा

पांढऱ्याच्या पलीकडे थोडं जाऊ या का? फुजितांनी आयुष्याच्या शेवटी जे माध्यम हाती घेतलं त्यात हा सगळा खटाटोप कामाचाच नव्हता. फ्रान्समधल्या रांस शहरातलं चॅपल. १९५९ मध्ये तिथल्या कॅथेड्रलमध्ये बाप्तिस्मा घेऊन ते लेओनार झाले आणि मुम शँपेनचे प्रमुख रने लालू यांच्या पाठबळाने चॅपल बांधलं. भिंतींवरची फ्रेस्को त्यांनी १९६६ च्या जून ते ऑगस्टमध्ये केली. वय ऐंशीला टेकलेलं.

खरी फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंग त्या स्फटिकांत अडकतो. सरस नाही, तेल नाही. सकाळी जेवढा गिलावा लावला तेवढा भाग काही तासांत पुरा करायचा. उरलेला गिलावा कडेने तिरका कापून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला जोडून नवा लावायचा. चूक झाली तर पुसता येत नाही, तो तुकडाच खरवडून टाकावा लागतो. चुन्याला न टिकणारे रंग बाद, म्हणून पॅलेट लहान. पॅरिसजवळच्या विले-ल-बाक्ल गावातल्या त्यांच्या घरात स्टुडिओच्या भिंतीवर सरावासाठी केलेला फ्रेस्कोचा नमुना अजून आहे.

आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात, ते या अर्थाने नव्हे. तिथे खाली माती, दगडाची भुकटी, भाताचं तूस आणि तंतू यांचा गिलावा, वर पातळ पांढरा थर, तो वाळल्यावर सरस किंवा डिंकातला रंग. रेघ वाळलेल्या भिंतीवर सावकाश काढता येते. अजिंठ्याची रेघ ज्यांना आवडते त्यांनी रांसची चित्रं पाहताना लक्षात ठेवावं की तिथे तेवढी उसंत नव्हती. तरी रेघ ढळलेली नाही.

तिरपी_रेघ

गिलावा, छान लिहिलंत. अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर : आराई काम्पो हे जपानी चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात आले आणि अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेऊन गेले. त्या टोकियोत १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. फुजितांशी थेट संबंध नाही. पण एकाच पिढीतले दोन जपानी चित्रकार, एक पश्चिमेकडे गेला, एक आपल्याकडे आला, आणि दोघांचा प्रश्न रेघेचाच.

सांजवेळ

इतकं सगळं पांढऱ्यावर बोलतो आहोत, तर तो पांढरा गेला कुठे हेही बोलायला हवं. दुसऱ्या महायुद्धातलं १९४३ चं 'अत्तू बेटावरची अखेरची झुंज' आणि १९४५ चं सायपान बेटाचं चित्र पाहा. करडा, मातकट, तपकिरी. माणसांचा ढीग. रेघ कुठे संपते, चिखल कुठे सुरू होतो ते कळत नाही. सायपानचं चित्र १८१ बाय ३६२ सेंमी आहे. वडील सैन्यातले वरिष्ठ डॉक्टर, आणि स्वतः फुजिता युद्धकाळात सैन्याच्या चित्रकार संघटनेच्या नेतृत्वात. ही चित्रं प्रचारासाठी काढलेली आहेत हे टाळून त्यांच्याबद्दल बोलता येत नाही.

माँपारनासकर

टाळू नये हे खरंच. पण 'अत्तू' पाहिल्यावर ते प्रचारचित्र म्हणून काम कसं करणार हा प्रश्नही पडतो. त्यात विजय नाही, वीर नाही, कुणाचा चेहरा ठळक नाही. त्या काळी लोक त्यापुढे हात जोडून उभे राहत असं वर्णन आढळतं, आणि आज काही अभ्यासक त्यात युद्धाची भीषणता वाचतात. दोन्ही वाचनं चित्रातूनच निघतात.

तंत्राच्या बाजूने : इथे ते लूव्रमध्ये पाहिलेल्या युरोपियन युद्धचित्रांकडे वळले. गडद अस्तर, त्यावर उजेड आणत जाणं. १९२० च्या दशकात केलं त्याच्या बरोबर उलट.

सांजवेळ

भीषणता दिसते म्हणून ते युद्धविरोधी, असं मी म्हणणार नाही. सर्वांनी मरेपर्यंत लढावं हाच तेव्हाच्या राजवटीचा संदेश होता आणि 'अत्तू'त सगळे मरतच आहेत. त्या संदेशात भीषणता बसते.

युद्धानंतर जपानी कलाजगताने बराचसा दोष फुजितांच्या डोक्यावर ठेवला, हेही अन्याय्य होतं, कारण युद्धचित्रं काढणारे पुष्कळ होते. अमेरिकनांनी नेलेली १५३ युद्धचित्रं १९७० मध्ये 'अनिश्चित मुदतीच्या कर्जा'वर परत आली आणि टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. सगळी एकदम कधी लावत नाहीत, थोडी थोडी फिरवतात. फुजिता १९४९ मध्ये जपान सोडून न्यूयॉर्कला आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. जपानला परत आले नाहीत. १९५५ मध्ये फ्रेंच नागरिक झाले.

पॅलेटनाइफ

न्यूयॉर्कच्या त्या काही महिन्यांतच 'कॅफेत' हे चित्र झालं : काळ्या पोशाखातली बाई, टेबलावर कोरं पत्र आणि शाई, मागे पॅरिसचा रस्ता. पॅरिसला पोचण्याआधी काढलेलं पॅरिस. आणि पांढरा परत आला! तो हातातून गेला नव्हता, बाजूला ठेवला होता. आता ते पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे.

ठिपका

मधल्या काळावर कुणीच बोललं नाही. १९३१ मध्ये ते पॅरिस सोडून ब्राझील, अर्जेंटिना, पेरू, क्यूबा, मेक्सिको असे हिंडले आणि १९३३ मध्ये जपानला पोचले. त्या प्रवासातल्या चित्रांत रंग भडक, अंगं भरीव, पांढरा मागे. मेक्सिकोत भिंतीवरची, सर्वांना पाहता येणारी चित्रकला त्यांनी पाहिली आणि जपानला आल्यावर मोठ्या मापावर काम सुरू केलं.

त्याचा कळस १९३७ चं 'अकिताचे सण-उद्योग'. उंची ३.६५ मीटर, लांबी २०.५ मीटर, कॅनव्हासवर तैलरंग. अकिताचे संग्राहक हिरानो मासाकिची यांच्यासाठी त्यांच्याच भाताच्या कोठारात रंगवलं, अवघ्या पंधरवड्यात. कंदिलांचे उंच बांबू तोलणारी माणसं, बर्फ, बाजार, तेलविहिरी. इतक्या वेगात एवढं माप भरायचं तर मोती-पांढऱ्याची तयारी करत बसणं शक्यच नव्हतं. रंग सपाट आणि थेट. बाह्यरेषा मात्र सगळीकडे आहे, कुंचला फक्त जाड झाला.

धागाकर्तीच्या मताला हा माझ्या लेखी सर्वांत मजबूत पुरावा. पांढरा सोडता आला, रेघ सोडता आली नाही.

सांजवेळ

@ठिपका, 'अत्तू'त सुटली की.

ठिपका

तिथे सुटली, हो. आणि म्हणूनच त्या चित्रापुढे उभं राहणं इतकं जड जातं.

उगाच_एक

चर्चा जबरदस्त चालू आहे. आता मूळ प्रश्नाचा तिसरा भाग, प्रत्यक्ष करायचं कसं, तो कुणी सविस्तर लिहील का?

पातळ_हात

लिहितो. ही फुजितांची कृती नाही, त्यांच्या थरांचा हिशेब समजून आज सुरक्षितपणे करता येईल अशी आहे.

कापड : शक्य तितकं बारीक विणीचं लिनन. जाड्या विणीवर मेन्सोचं टोक प्रत्येक धाग्यावर उडी मारतं आणि रेघ दातेरी होते. फुजितांच्या चित्रांतही वीण बारीकच आहे.

सरस : १०० मिली पाण्याला ७ ग्रॅम सशाच्या कातड्याचा सरस. रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करा, ६० अंशांवर जाऊ देऊ नका. उकळला की चिकटपणा मरतो. एकच पातळ हात, कापडाला आरपार भिजवायचं नाही.

पहिलं अस्तर, म्हणजे तेल-सरसाचं मिश्रण : मापाने एक भाग खडूपूड, एक भाग टायटॅनियमची पूड, एक भाग कोमट सरसपाणी. गुठळ्या मोडल्यावर एकतृतीयांश भाग जवसाचं पक्कं तेल थेंबथेंब घालत सतत ढवळा. तेल एकदम ओतलं तर मिश्रण फुटतं, वर तेलाचे डोळे दिसतात. दोन पातळ हात, एकमेकांना काटकोनात. कोरडं झाल्यावर ४०० नंबरच्या कागदाने हलकं घासा. इथे शिसं नाही, तरी मास्क लावाच.

दुसरा थर, खरा पांढरा : काचेवर टायटॅनियमचा ट्यूबमधला रंग आणि खडू घोटायचा. मापाने दोनास एक ते दोनास दीड. लागलं तरच दोन-चार थेंब तेल. रुंद सपाट कुंचल्याने पातळ लावा आणि लगेच कोरड्या, अत्यंत मऊ कुंचल्याने वरवर फिरवून कुंचल्याच्या खुणा पुसा. खुणा राहिल्या तर शाई त्या चरांत पळते.

मग थांबायचं. बोट चिकटत नाही एवढं पुरेसं नाही. नख हलकं दाबल्यावर खूण उमटू नये. कोरड्या हवेत तीन-चार आठवडे, कोकणात पावसाळ्यात दुप्पटही लागतील. पावसाळ्यात सरसाचं काम काढूच नये असं माझं मत, त्याला बुरशी येते आणि कापड सैल-घट्ट होत राहतं.

शेवटी टाल्क : सुगंध नसलेला, कापसाच्या बोळ्याने गोल गोल चोळा, मग मऊ कुंचल्याने सगळा झटका. पृष्ठभाग पावडर लावल्यासारखा दिसता कामा नये, फक्त चकाकी कमी झालेली दिसली पाहिजे.

तिरपी_रेघ

यात रेघेच्या बाजूने भर घालते.

शाई मण्यांसारखी गोळा झाली : तवंग शिल्लक आहे. टाल्क पुन्हा चोळा. तरी नाही जमलं तर शाईत गोपित्ताचा (बैलाच्या पित्ताचा, याने शाई पृष्ठभागावर बसते) एक थेंब. जास्त घातलं तर रेघ पसरते.

रेघ फुटून केसाळ झाली : खडू जास्त, तेल कमी, पृष्ठभाग फार शोषतो. यावर उपाय नाही, अस्तर बदलावं लागतं.

रेघ वाळल्यावर सालपटली : शाई फार दाट, म्हणजे सरस जास्त. खालचा तैलथर लवचिक, वरचा सरसाचा थर ठिसूळ, आणि कॅनव्हास हलला की वरचा सुटतो. दाट काळ्यासाठी दाट शाई नको, पातळ शाईचे दोन हात द्या.

फुजितांच्या चित्रांत रेघेच्या आतल्या कडेने एक अगदी अरुंद करडी छटा असते. सगळा भरीवपणा तेवढ्यातून येतो. तिची रुंदी वाढवली की अंग राखाडी, आजारी दिसतं. टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या, १९२३ च्या 'पाच नग्ना' या चित्रात ही कडा नीट पाहता येते. त्यात पाच स्त्रिया म्हणजे पाच ज्ञानेंद्रियं : कापड धरलेली स्पर्श, कानाला हात लावलेली श्रवण, तोंडाकडे बोट केलेली चव, कुत्र्याजवळची गंध आणि मधली दृष्टी.

शंखजिरे

हेच हवं होतं, दोघांचे मनापासून आभार. एक प्रश्न राहिला. वर वॉर्निश द्यायचं का?

सफेदा

अजिबात नाही. वॉर्निश खडू आणि टाल्कच्या मधल्या पोकळ्या भरतं, पृष्ठभाग ओला, पिवळा दिसतो, निम-मॅटपणा कायमचा जातो. शिवाय शाई पाण्याला कच्चीच असते. साधं तैलचित्र दुरुस्तीतज्ज्ञ ओल्या बोळ्याने सांभाळून स्वच्छ करू शकतात, इथे तसा बोळा फिरवला की रेघ निघून येऊ शकते. म्हणून काचेच्या चौकटीत ठेवायचं, काच चित्राला टेकू द्यायची नाही.

ठिपका

कुणी लिलावात फुजितांची म्हणून छापील चित्रं पाहत असेल तर सहीकडे बघा. पॅरिसच्या काळात बहुधा जपानी अक्षरांत 'त्सुगुहारु' आणि शेजारी रोमन लिपीत फ्रेंच वळणाचं 'फुजिता'. सहीत लेओनारचं आद्याक्षर आणि चित्रावरची तारीख १९२५ असेल तर थांबा, ते नाव १९५९ नंतरचं आहे. मांजरांची चित्रं सर्वाधिक नकलली जातात. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या मांजरांच्या पुस्तकात वीस चित्रं होती आणि प्रती ५००, सुट्या केलेल्या पानांच्या नावाखाली साध्या छपाईच्या प्रती फिरतात. भिंग लावा. छपाईचे ठिपके दिसले तर ती मूळ छाप नव्हे.

गिलावा

प्रत्यक्ष पाहायला : पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात तुआल द जुईचं नग्नचित्र, कुराशिकीच्या ओहारा संग्रहालयात १९२५ चं 'नृत्यसमारंभापूर्वी', हाकोनेच्या पोला संग्रहालयात मोठा संग्रह, अकिताला ते महाकाय चित्र. रांसचं चॅपल हिवाळ्यात बंद असतं, वेळा बघूनच जा. आत फुजितांची कबरही आहे.

उगाच_एक

शेवटची शंका. पांढरा कालांतराने पिवळा पडला तर?

पातळ_हात

जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. नव्या चित्राच्या बाबतीत हे बरंचसं परत फिरवता येतं : काही आठवडे उजेडाच्या खोलीत ठेवा, थेट ऊन नको. वाळत असताना चित्राचं तोंड भिंतीकडे करून ठेवू नका आणि कपाटात तर नकोच. घोटताना जवसाऐवजी अक्रोडाचं किंवा करडईचं तेल घेतलं तर पिवळेपणा कमी येतो, पण ही तेलं सावकाश वाळतात आणि थर थोडा कमकुवत राहतो. म्हणून खालच्या अस्तरात जवस, फक्त सर्वांत वरच्या पातळ थरात अक्रोड.

शंखजिरे

अक्रोडाचा थर वाळायला किती वेळ जास्त धरावा? आणि त्यावर टाल्क तसाच बसेल ना?

पातळ_हात

दीडपट धरा. टाल्क बसतो, पण नखाची परीक्षा झाल्याशिवाय चोळू नका. थर ओला असेल तर पूड आत रुतते आणि शाई त्या जागी ठिपक्या-ठिपक्यांनी तुटते. आधी फळीच्या तुकड्यावर हाच थर देऊन त्यावर एक लांब रेघ ओढून पाहा.